तीन खाचांची कुळकथा

अ‍ॅल्युमिनियमच्या दुकानात सरकत्या दाराची चौकशी केली की पहिला प्रश्न येतो, ‘टू ट्रॅक की थ्री ट्रॅक?’ थ्री ट्रॅक म्हणजे दोन काचा आणि एक जाळी. एवढं ठरलं की पुढची सगळी बोलणी काचेची: जाडी किती, टिंटेड की साधी, टफन घ्यायची का. ट्रॅकचं पाणी कुठे जाणार आणि वर छज्जा किती, हे सहसा कुणी विचारत नाही. या दाराचं कूळ पाहिलं तर हा क्रम उलटा आहे. सरकतं दार शेकडो वर्षं काचेवाचून चाललं. छपराच्या वळचणीवाचून मात्र ते कधी चाललं नाही.

हे कूळ जपानचं. तिथल्या लाकडी घरात छपराचा भार खांब आणि तुळया पेलतात, त्यामुळे दोन खांबांमधली भिंत काढता-घालता येईल अशी ठेवता आली. क्योतोच्या गिंकाकुजी आवारातली १४८६ सालची तोगुदो ही वास्तू या घडणीच्या जुन्या नमुन्यांपैकी एक. सुतारकाम साधं, पण अचूक. वरच्या आडव्या लाकडातली खाच साधारण पंधरा मिलिमीटर खोल, खालची जेमतेम दोन-तीन. कागदी झडप आधी वर सारायची, मग खालच्या खाचेत टेकवायची. चाक नाही, बिजागरी नाही, आणि कागद बदलायचा असला की झडप उचलून बाहेर. आजही कारागीर अ‍ॅल्युमिनियमचं शटर असंच आधी वर घालून खाली रुळावर बसवतो.

त्या काळच्या वाड्यांत बाहेरच्या अंगाला तीन खाचा असत: दोन लाकडी फळ्यांच्या झडपांना, एक कागदी झडपेला. म्हणजे आपला थ्री ट्रॅकच. त्याची खोडही तीच होती. दोन झडपा एकमेकींमागे सारल्या तरी अर्धं दार कायम झाकलेलं, आणि उजेड-वारा अर्ध्यातूनच. सतराव्या शतकाच्या आसपास सुतारांनी यावर तोड काढली. पावसाच्या लाकडी झडपा अगदी बाहेर एकाच खाचेत आणल्या आणि दिवसा त्या एकामागून एक सरकवून कोपऱ्यातल्या पेटीत कोंबल्या. कागदाच्या पूर्ण रांगेला उजेड मिळाला. हे जमलं ते वर पुढे आलेलं खोल छप्पर आणि खाली लाकडी ओसरी होती म्हणून. पाऊस फळीने अडवायचा, ऊन छपराने, आणि कागदाने फक्त उजेड गाळायचा, अशी कामाची वाटणी होती.

काच या घरात आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आसाही ग्लास कंपनी १९०७ मध्ये निघाली, सपाट काच देशातच होऊ लागली आणि ओसरीच्या बाहेरच्या खाचेत काचेच्या झडपा दिसू लागल्या. तिकडे कॅलिफोर्नियात वास्तुरचनाकार रूडॉल्फ शिंडलरने १९२२ साली स्वतःच्या घराला बागेकडे सरकती दारं केली, तीही कॅनव्हासची. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आणि मोठ्या काचा स्वस्त झाल्या. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या आवारात अख्खं जपानी घर उभं केलं, १९५९ मध्ये पिल्किंग्टनची वितळलेल्या कथलावर तरंगवून काच करण्याची पद्धत जाहीर झाली, आणि काचदार सामान्य बिल्डरच्या आवाक्यात आलं. पियेर कोनिगसारख्या वास्तुरचनाकारांनी छप्पर काचेच्या बरंच पुढे काढलं होतं. स्वस्तात नक्कल करणाऱ्यांनी काच तेवढी उचलली. साध्या काचेत शिरून माणसं इतकी जखमी होऊ लागली, की अमेरिकेत १९७७ पासून अशा दारांना सुरक्षित काच सक्तीची झाली. टफनचा हट्ट म्हणूनच योग्य आहे. त्यात पैसे वाचवू नयेत.

जाळीचं घराणं वेगळं. कनेटिकटच्या जॉर्जटाउनमधला गिल्बर्ट अँड बेनेट हा कारखाना चाळण्या करायचा. १८६१ च्या अमेरिकी यादवीत दक्षिणेतल्या राज्यांचं गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा पडून राहिलेल्या तारेच्या जाळीला रंग फासून ती खिडक्यांसाठी विकली गेली. तिचं मोल कळलं ते पुढे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, आणि १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने सॅम्बन व लो हे डॉक्टर रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत जाळी ठोकलेल्या झोपडीत जुलै ते ऑक्टोबर राहिले. रात्रीची हवा आत येत होती, डास येत नव्हते. मलेरिया कुणालाच झाला नाही.

आधी छज्जा, मग काच, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की जपानची रीत आपल्याला कशाला? कारण त्यांचा उन्हाळाही दमट आणि पावसाचा. चौदाव्या शतकातल्या योशिदा केन्को या भिक्षूने तर घर उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधावं, असं लिहूनच ठेवलं. शिवाय कोकणात पडवीला पावसाळ्यापुरती नारळाच्या झावळांची झापं बांधतात, ती हीच कामाची वाटणी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ऊन थोपवणारी दुहेरी काच आणि एसी असताना छज्जा हवा कशाला? तशी काच उष्णता कमी करते हे खरंच, पण दार बंद असेल तरच तिचा उपयोग. जाळी नेमकी दार उघडं असतानाच कामाची. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत वर्षातले बरेच महिने दार उघडंच हवं असतं. मग त्याच भोकातून पाऊस आला तर महागडी काच काय करणार?

तिसरा आक्षेप जागेचा, आणि तो खोडता येत नाही. छोट्या फ्लॅटमध्ये उघडणाऱ्या दाराला फिरायला जागा नसते, सरकतंच बरं. गफलत होते ती बाल्कनी खोलीत घेताना. काचदार बाहेरच्या कडेला नेलं की दाराची ओसरीच गेली, आणि पहिली झड थेट ट्रॅकमध्ये. दार जुन्याच जागी ठेवता आलं तर ठेवावं. नाहीच जमलं, तर वर निदान दोन फुटांचा छज्जा हवा, ट्रॅकची आतली कड बाहेरच्यापेक्षा उंच हवी आणि तळाची पाणी जायची भोकं बाहेरच्या अंगाला मोकळी हवीत. बसवणारे सिलिकॉन मारताना ती भोकंही बुजवून टाकतात, तेव्हा माणसं जाण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते पाहावं.