मेंढ्या मोजणारी माणसे

जगात मोजणारे दोन प्रकारचे. एक दुसऱ्याचे मोजतात आणि त्याबद्दल दरमहा पगार घेतात; ते आम्ही बँकवाले. दुसरे स्वतःसाठी मोजतात, तेही मनातल्या मनात, आणि त्यांच्याकडे मात्र लोक संशयाने बघतात. या दुसऱ्या मंडळींचा इतिहास मराठीत कुणीतरी लिहायला हवा होता. पण आपले इतिहासकार पानिपतातून अजून परतलेले नाहीत. तेव्हा हे काम हरसूलच्या शाखेत बदली होऊन आलेल्या एका बी. कॉम. कारकुनाला करणे भाग आहे.

सुरुवात हरसूलहूनच करायला हरकत नाही, कारण या इतिहासातले पहिले झाड आमच्या इथल्या रानात उभे आहे. झाड बेहड्याचे. तुम्हांआम्हांला बेहडा माहीत तो त्रिफळा चूर्णापुरता. परंतु प्राचीन काळी याच बेहड्याच्या बिया फासे म्हणून खेळत असत. म्हणजे ज्या झाडाने आज लोकांचे पोट साफ होते, त्याच झाडाने एके काळी खिसे साफ होत.

महाभारताच्या वनपर्वात नळराजाची गोष्ट आहे. जुगारात राज्य घालवून बसलेला नळ रूप पालटून, बाहुक हे नाव घेऊन, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी आली आणि दोघे रथ घेऊन विदर्भाकडे निघाले. वाटेत बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने धावत्या रथातून त्याच्याकडे एक नजर टाकली आणि सांगून टाकले की, फांद्यांवर पाने पाच कोटी, फळे दोन हजार पंच्याण्णव! नळाने रथ थांबवला, चक्क झाड तोडले आणि मोजणी केली. इतिहासातले हे पहिले ऑडिट. आकडा बरोबर निघाला. त्यानंतरच्या कुठल्या ऑडिटमध्ये असे घडल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

ऋतुपर्णाने मग नळाला ही मोजायची आणि फाशांची विद्या, म्हणजे अक्षहृदय, शिकवली. बदल्यात नळाने त्याला घोड्यांची विद्या द्यायची होती. तर ऋतुपर्ण म्हणाला, ती तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे. मुदत लिहिलेली नाही, व्याजाचा उल्लेख नाही. पुढे नळाने पुष्कराला पुन्हा खेळायला बोलावले आणि एकाच डावावर सर्वस्व लावले, दमयंतीसकट. पुष्कर हसला. गेल्या खेपेला पार धुऊन निघालेला माणूस पुन्हा आला म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी चालत आले, असे त्याला वाटले असणार. एका डावात नळाने सगळे परत मिळवले. पुढच्या दोन-अडीच हजार वर्षांत या धंद्याला यापेक्षा चांगली युक्ती सुचलेली नाही: समोरच्याच्या डोळ्यांत आपण जन्माचे हरणारे दिसले पाहिजे.

आता एकदम अमेरिका. तिथल्या कॅसिनोत ब्लॅकजॅक नावाचा खेळ चालतो. आपल्याकडे पत्त्यांत 'एकवीस' खेळतात त्याचाच हा सुटाबुटातला चुलतभाऊ. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलात की मेलात. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. एक्का एकाचा किंवा अकराचा, जसा सोयीचा पडेल तसा. वाटणाऱ्याला स्वतःची अक्कल चालवायची मुभा नसते: सोळापर्यंत पान घ्यायचेच, सतरा झाले की थांबायचे. थोडक्यात, वाटणारा म्हणजे आमच्यासारखाच, सर्क्युलरप्रमाणे चालणारा.

एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या एका तरुण मास्तराने आयबीएमच्या ७०४ या यंत्रावर हिशेब करून दाखवला की, गड्डीत दहाची पाने आणि एक्के जास्त उरले असतील तर पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. कारण उघड आहे. सोळावर अडकलेल्या वाटणाऱ्याला पान घ्यावेच लागते, ते दहाचे आले की तो बुडतो. आणि एक्का-दहा अशी जोडी तुम्हांला लागली तर दीडपट पैसे मिळतात. म्हणून कोणती पाने गेली ते मोजत राहायचे. थॉर्पची गाजलेली पहिली पद्धत दहाची पाने मोजायची होती. हे वाचून मी वर्तमानपत्राच्या कागदावरची भजी बाजूला ठेवली. अहो, दहाचे पान म्हणजे मेंढी! मेंढीकोट खेळणारा आपल्याकडचा प्रत्येक माणूस हेच करत आला आहे. फक्त आपण त्यावर पुस्तक लिहिले नाही. थॉर्पने लिहिले, १९६२ साली. त्याआधी १९६१ मध्ये दोन पैसेवाल्यांचे दहा हजार डॉलर घेऊन तो नेवाडात जाऊन आला आणि त्यांचे एकवीस हजार करून दाखवले. आकडासुद्धा बघा, एकवीसच!

पण नुसते मोजून काही होत नाही, खरी गोम पुढे आहे. वेळ चांगली असताना जास्त लावायचे, वाईट असताना कमी. सगळा नफा या चढउतारात, आणि सगळा धोकाही तिथेच. तासभर पाच-पाच डॉलर लावणारा गृहस्थ एकदम साठ लावतो, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे, हे कळायला कॅसिनोवाल्याला गणित लागत नाही. आमच्या काउंटरवर हे रोज बघायला मिळे. पन्नास हजारांच्या वर रोकड भरली की पॅन द्यावा लागे, म्हणून काही हुशार मंडळी एकोणपन्नास हजार नऊशे भरत. आपण दिसू नये एवढ्यासाठी इतका नेमका आकडा शोधत की त्या आकड्यामुळेच दिसत.

मग सोंगे आली. जिंकल्यावर ती रक्कम उचलायचीच नाही, तशीच पुढच्या डावावर राहू द्यायची; बघणाऱ्याला वाटते, चढलीय याला. हरल्यावर हळूच खाली यायचे, कारण हरणारा घाबरतो हे सर्वमान्य आहे. मोजणी फारच बिघडली तर लघवीचे निमित्त काढून उठायचे. अधूनमधून जाणूनबुजून चुकायचे. पण या सगळ्याला पैसे पडतात. मोजणाऱ्याचा फायदा मुळात शंभराला एखाद्या रुपयाच्या आसपास; त्यात अभिनयाचा खर्च भागवायचा. कारकुनाच्या पगारात साहेबांचा सूट शिवायचा म्हटल्यासारखेच.

या शास्त्राचे एक जाणकार आमच्या शाखेतही आहेत. आमचे शिपाई, अख्खी शाखा त्यांना दादा म्हणते. हरसूलचा पाऊस लागला म्हणजे आधी वीज जाते, मग लिंक जाते, आणि मग पत्ते निघतात. डाव मेंढीकोटचा, हरणाऱ्याने भजी आणायची. दादांची शाळा चौथीपर्यंत झाली. पण सातवा हात पडेपर्यंत उरलेली मेंढी कुणाच्या हातात आहे, एवढेच नव्हे तर तो ती का दाबून बसला आहे, हेही त्यांना ठाऊक असते. तरीही दर तिसऱ्या डावाला त्यांची मेंढी साहेब मारून नेतात. एकदा मी दादांना बाजूला घेऊन विचारले, "दादा, ती मेंढी तुम्ही मुद्दाम सोडलीत ना?" दादा म्हणाले, "भाऊ, साहेब लागोपाठ दोनदा हरले की त्यांना बाहेरची कामं आठवतात. पावसात कोणाला जावं लागतं मग?"

अमेरिकेत हाच प्रश्न टोळी करून सोडवला गेला. अल फ्रान्सेस्को नावाच्या गृहस्थाने १९७० च्या दशकात माणसे वाटून दिली. काहीजण वेगवेगळ्या टेबलांवर बसून किरकोळ लावत नुसते मोजायचे. मोजणी चढली की खूण करायचे. मग एक मिजासखोर श्रीमंत झुलत झुलत तिथे यायचा आणि आल्यापासून मोठेच लावायचा. म्हणजे कमी लावणारा कायम कमी, जास्त लावणारा कायम जास्त. बदल कुणाचाच नाही. या मिजासखोरांपैकी गाजला तो केन उस्टन. हा आधी पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमध्ये वरच्या हुद्द्यावर होता. ओळखला जाऊ लागल्यावर तो वेष पालटून खेळे. नळाला कर्कोटक नाग चावला होता, याला दाढी चिकटवावी लागे, एवढाच फरक.

शेवटी त्याला हाकलले गेले आणि तो कोर्टात गेला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पत्ते मोजतो एवढ्यावरून कॅसिनोने आपल्या मर्जीने त्याला बाहेर काढता येणार नाही. कॅसिनोवाल्यांनी निकाल मान्य केला, गड्ड्या वाढवल्या आणि पाने जास्त वेळा पिसायला सुरुवात केली. नेवाडात तर अजूनही नम्रपणे दरवाजा दाखवतात. डोके वापरणे गुन्हा नाही, पण आमच्याकडे नको! मला यातला अपमान कळतो. आयुष्यभर हरणाऱ्याला फुकट सरबत, आणि एका बेरजेपुरते जिंकणाऱ्याचा फोटो डिटेक्टिव्हच्या वहीत. थॉर्प शहाणा, तो पुढे शेअरबाजारात गेला. तिथे हिशेब करून खेळणाऱ्याला कुणी उठवत नाही, उलट त्याला खुर्ची देतात.

आपल्याकडे हे सगळे पाहायचे तर गोवा. मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असतात. मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांनाच आत जायला सरकारने बंदी केली. अमेरिकेत बाहेर काढण्यासाठी माणसाने आधी मोजायला शिकावे लागते. इथे घरचा पत्ता पुरला.

आणि महाराष्ट्र? आपणही मागे नव्हतो. कॅसिनोचे नियंत्रण आणि कर यांचा कायदा आपल्या विधिमंडळाने १९७६ सालीच केला होता. तो अमलात मात्र एक दिवसही आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षे मस्टरवर नाव, कामावर एकदाही हजर नाही. हे मी लिंक येण्याची वाट बघताना दादांना वाचून दाखवले.

पाने पिसता पिसता ते म्हणाले, "मग पेन्शन बसली का त्याला?"