कसब्याचे नवे यात्रेकरू

रत्नागिरीहून मुंबईच्या वाटेने निघाले म्हणजे तास-दीड तासात संगमेश्वर येते, आणि तेथून थोडे आत वळले की कसबा. गाव लहान, पण जुने. कर्णेश्वराचे शिल्पसमृद्ध देवालय पाहावयास पूर्वी पुराणवस्तूंची आवड असलेला एखादा प्रवासी, एखादा इतिहासाचा अध्यापक, क्वचित शाळेची एखादी सहल येत असे. २०२५ च्या मार्च महिन्यात आम्ही काही विद्यार्थ्यांस घेऊन तेथे गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागली होती. आलेल्यांपैकी फारच थोडे कर्णेश्वराकडे वळत होते. बहुतेकांचा प्रश्न एकच: "महाराजांना पकडले ती जागा कोणती?" परंपरेने सांगितली जाणारी जागा कोणी दाखविली, की लगेच दुसरा प्रश्न: "आणि फितुरी केली ती कोणी?"

पहिला प्रश्न भक्तीचा आहे, आणि त्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. दुसऱ्याने मात्र आमच्या मनास घर केले.

ही यात्रा सुरू झाली ती १४ फेब्रुवारी २०२५ रोजी. त्या दिवशी 'छावा' हा हिंदी बोलपट प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत ह्यांची त्याच नावाची कादंबरी १९७९ सालची. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या तिच्यावर पोसलेल्या. परंतु कादंबरीने चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे केले नाही, ते पडद्याने चाळीस दिवसांत केले. रत्नागिरीच्या चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या माणसांचे सुजलेले डोळे आम्ही स्वतः पाहिले. लहान मुले उभी राहून गारद देत होती. भडोच येथे एका प्रेक्षकास शेवटचे हाल पाहवेनात. तो उठला आणि त्याने पडदाच फाडला. बुऱ्हाणपूरची लूट पडद्यावर पाहून असीरगडाच्या पायथ्याची माणसे रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन मोगली मोहरांसाठी शेते उकरू लागली. हे वाचून आम्हांस प्रथम हसू आले. पण १७ मार्च रोजी नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल उसळली, आणि ह्या बोलपटाने लोकांच्या भावना पेटविल्या असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, तेव्हा ते हसू मावळले. सरकारनेही त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात संगमेश्वर येथे संभाजी महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा केली. एका कलाकृतीचा परिणाम रडण्यापासून राजकोषापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण विरळाच.

असे वेड केवळ आपल्याकडेच लागते असे नव्हे. डायाना गॅबल्डन ह्या अमेरिकन लेखिकेची 'आउटलँडर' ही कादंबरी १९९१ साली निघाली. पुढे तिची एक मालाच झाली, आणि २०१४ पासून तिच्यावरून रचलेली नाट्यमालिका घरोघर पाहिली गेली. दुसऱ्या महायुद्धात परिचारिकेचे काम केलेली एक स्त्री स्कॉटलंडमधील एका शिलावर्तुळातून १७४३ सालात जाऊन पडते. तीन वर्षांनी कलोडनच्या माळावर हायलंडर लोकांचा संहार होणार हे तिला ठाऊक असते, आणि तो टाळावा म्हणून ती जिवाचे रान करते. संहार टळत नाही. आज ह्या कथेचे चाहते कलोडनला जातात आणि फ्रेझर कुळाच्या थडग्याच्या दगडापाशी फुले ठेवतात. कथेतील नायक फ्रेझर कुळाचा, एवढाच ह्या दगडाशी त्याचा संबंध. माणसांच्या पायांनी तेथील गवत इतके झिजले की जागा सांभाळणाऱ्या न्यासाला दोर लावून वाट अडवावी लागली. ज्या मातीखाली १७४६ साली खरोखर मेलेली, नावेही न उरलेली माणसे आहेत, तिच्यावर लोक कधीच न जन्मलेल्या माणसासाठी अश्रू ढाळतात.

आपल्याकडेही असा काळप्रवासी झाला आहे, आणि योगायोग असा की तो इतिहासाचा प्राध्यापक आहे. जयंत नारळीकर ह्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या कथेतील पंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, की जेथे विश्वासरावास गोळी लागत नाही आणि मराठे पानिपत जिंकतात. पंत तेथे एका सभेतील अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून अस्वस्थ होतात, व्यासपीठावर चढतात, आणि श्रोते त्यांच्यावर हाती येईल ते फेकून त्यांना हुसकावून लावतात. इतिहास बदलला तरी प्राध्यापकाची गत तीच!

विनोद बाजूस ठेवू. ह्या दोन कथांत जी स्थिती एका पात्राची आहे, तीच प्रत्येक ऐतिहासिक नाट्याच्या प्रेक्षकाची असते. तो शेवट जाणून आत शिरतो. मुकर्रबखान कोल्हापुराहून निघाला आहे, घाट उतरतो आहे, हे त्याला ठाऊक असते. पडद्यावरच्या राजाला ते ठाऊक नसते. 'सावध व्हा' असे ओरडावेसे वाटते आणि ओरडून उपयोग नसतो. शिलावर्तुळातून गेलेल्या त्या परिचारिकेला निदान धावपळ तरी करता येत होती. ह्याला तीन तास खुर्चीत बसून राहावयाचे असते. त्या कोंडलेल्या तळमळीचे पुढे काय होते?

ती पूर्वी बहुधा अश्रूंतून वाहून जात असे. १९६२ साली रणजित देसाई ह्यांची 'स्वामी' निघाली तेव्हा आमच्या घरातील एक वडीलधारी बाई ती वाचून थेऊरला जाऊन आल्या. माधवराव जेथे १७७२ साली गेले आणि रमाबाई जेथे सती गेल्या, तेथे त्या अर्धा दिवस नुसत्या बसून होत्या, असे आम्ही लहानपणी वारंवार ऐकले आहे. राघोबादादांवर त्यांचा राग होता, नाही असे नाही. पण दादांचे वंशज कोठे राहतात ह्याची चौकशी करण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. क्षयाने ज्याचा घात केला, त्याच्यासाठी वैरी शोधावा तरी कोठे?

संभाजीराजांचे प्रकरण निराळे. त्यांच्यावर एक अन्याय फार काळ झाला होता. बखरकारांनी त्यांना व्यसनी आणि उतावळे रंगविले आणि नाटककारांनी तो रंग उचलला. राम गणेश गडकऱ्यांचे 'राजसंन्यास' हे त्यातले सर्वांत गाजलेले नाटक, आणि तेही १९१९ साली गडकरी गेले तेव्हा अपुरेच राहिलेले. वा. सी. बेंद्रे ह्यांचा चरित्रग्रंथ १९६० साली आणि कमल गोखले ह्यांचा १९७१ साली आला. त्यांनी कागदांच्या आधारे ते चित्र पुसले. सावंतांची कादंबरी ह्या संशोधनाच्या मागोमाग आली, आणि अभ्यासकांनी जे सिद्ध केले ते तिने स्वयंपाकघरापर्यंत नेले. हे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि ज्या वाचकांस न्याय मिळाल्याचा आनंद झाला, त्यांपैकी काहींना शिक्षा दिल्याखेरीज न्याय पुरा झाला असे वाटेना. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी गेलेल्या माणसास, त्याच्या अपुऱ्या नाटकाबद्दल! त्या तरुणांपैकी कितीजणांनी ते नाटक वाचले असेल, हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. गडकऱ्यांचे गोडवे गाणाऱ्यांतही तो विचारल्यास फार हात वर व्हावयाचे नाहीत.

आता कसब्याकडे परत येऊ. कागद काय सांगतात? जेधे शकावलीतील नोंदीचा आशय असा: शके १६१० च्या कार्तिकात शिर्के कवि कलशावर उलटले, कलश खेळणा किल्ल्यावर, म्हणजे विशाळगडावर गेला, मार्गशीर्षात संभाजीराजे रायगडाहून त्याच्या साह्यास आले व शिर्क्यांशी त्यांचे युद्ध झाले, पुढे रायगडास जाताना माघ वद्य सप्तमीस राजे आणि कलश संगमेश्वरी असता शेख निजामाने दौड करून दोघांस धरले. हा शेख निजाम म्हणजेच मुकर्रबखान. औरंगजेबाच्या बाजूचा 'मआसिरे आलमगिरी' हा ग्रंथही शिर्क्यांशी झालेल्या कलहाचा उल्लेख करतो. परंतु खानाला बातमी पोहोचविली ती त्याच्या हेरांनी, असे तो सांगतो. कलह दोन्ही ठिकाणी आहे. शिर्क्यांनी वाट दाखविली, हे ह्या दोहोंत नाही.

आणि तो कलह तरी कशाचा? शिर्क्यांचे मूळ शृंगारपूर, कसब्याहून दूर नाही. येसूबाई तेथल्या पिलाजी शिर्क्यांची लेक. तिचा भाऊ गणोजी हा शिवाजी महाराजांचा जावई. दाभोळच्या वतनावर ह्या घराण्याचा जुना दावा होता आणि स्वराज्याचे धोरण वतने देण्याविरुद्ध होते. सतराव्या शतकातील निम्मे राजकारण ह्या एका गाठीभोवती फिरते. परंतु वतनाचा तंटा पडद्यावर दाखवावा कसा? त्यात ना तलवार, ना अश्रू; आहेत ती फक्त सनदा आणि महजर. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज सुटले, त्यात ह्याच गणोजीचे साह्य झाले आणि त्यासाठी खंडो बल्लाळाने दाभोळचे आपले वतन त्याला दिले, अशी हकीकत इतिहासकार देतात. एकाच माणसाची ही दोन कृत्ये एकत्र ठेवली, की तो खलपुरुषाच्या साच्यात बसेना होतो. म्हणून नाटककार पहिले ठेवतो आणि दुसरे सोडतो. त्याचे त्याला सोयीचे.

बोलपटात गणोजी आणि कान्होजी हे फितूर म्हणून आले. शिर्के घराण्यातील मंडळींनी हरकत घेतली, अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शकाने क्षमा मागितली आणि आपण आडनाव किंवा गाव कोठेही घेतलेले नाही असे सांगितले. क्षमा मागितली हे बरे झाले. पण आडनाव गाळल्याने महाराष्ट्रात कोण फसणार? ह्यानंतर कोल्हापूरच्या एका इतिहाससंशोधकाने पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्टिनच्या रोजनिशीचा दाखला देऊन दोष शिर्क्यांचा नव्हे, ब्राह्मण कारकुनांचा, असे मांडले. त्यास दूरध्वनीवरून धमकी आली आणि त्या प्रकरणी पुढे अटकही झाली. मार्टिन शेकडो कोसांवर बसून ऐकीव बातम्या टिपीत होता, हे त्याची रोजनिशी वापरताना विसरता येत नाही. पण ह्या मुद्द्याचे उत्तर कागदाने द्यावयाचे असते. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा दोष ह्या घराण्यावरून त्या जातीवर आणि तेथून परत असा फेकला जात होता, आणि प्रत्येक वेळी तो झेलावयास एखादा जिवंत माणूस उभा करावा लागत होता.

असा एक आमच्या वर्गात होता. शृंगारपूरच्या बाजूचा, आडनाव शिर्के, शेवटच्या बाकावर बसणारा. बोलपट आल्यानंतरच्या आठवड्यात हजेरीत त्याचे नाव आले की मागून कोणीतरी हळूच 'फितूर' म्हणे आणि हशा पिके. पोरे वाईट नव्हती. चित्रगृहात तीही रडली होती. आम्ही दोनदा दटावले. दटावण्याने हशा थांबला, पण त्या मुलाने हजेरीस 'उपस्थित' म्हणावयाचे सोडले. तो नुसता हात वर करी. कसब्याच्या सहलीस तो येणार नाही असे वाटले होते. तो आला. सारे जण त्या जागेपाशी छायाचित्रे काढीत असता तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "सर, आमच्याविषयी कागदात नेमके काय आहे?"

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आम्ही त्याच्यापुढे शकावली उघडली. नोंद चार ओळींची. त्याने ती बोट ठेवून दोनदा वाचली. "म्हणजे भांडलो होतो," तो म्हणाला. आम्ही होय म्हटले. "आणि वाट दाखविली, हे?" येथे तसे लिहिलेले नाही, असे आम्ही सांगितले, दाखविली नाही, असेही लिहिलेले नाही, हेही सांगितले. तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने वही काढली आणि ती नोंद जशीच्या तशी, जुन्या वळणाच्या शब्दांसह, उतरवून घेतली.