पाहुण्यांची रँच आणि पडण्याची विद्या

आमच्या मंडळाने येत्या हिवाळ्यात शनिवार-रविवार असे दोन दिवस दिल्लीबाहेर मुक्कामी राहून ज्युदोचा वर्ग भरविण्याचे ठरविले, आणि जागा पाहण्याचे काम, कारकुनास कागदपत्रांची सवय असते या समजुतीने असेल, आमच्याकडे सोपविले. शहरापासून दोन तासांच्या वाटेवर एका शेतमालकाने पाच घोडे पाळले आहेत, विहिरीजवळ आठ खोल्या बांधल्या आहेत, आणि गव्हाचे कोठार रिकामे करून त्याचा लांबरुंद दिवाणखाना केला आहे. फाटकावर देवनागरी अक्षरांत पाटी आहे : ‘गेस्ट रँच’. या शब्दाचा अर्थ काय असे आम्ही मालकास विचारले, तेव्हा त्याने हसून सांगितले की, अर्थ आपणासही ठाऊक नाही, परंतु पाहुणे मात्र त्या शब्दामुळेच येतात.

मंडळाच्या सभेत जागेचे वर्णन वाचून होताच ज्यांना आम्ही सारे वस्ताद म्हणतो त्या वृद्ध सभासदांनी विरोध दर्शविला. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत त्यांनी माती अंगाला लावली आहे. पुढे नोकरीनिमित्त दिल्लीस आले ते इथलेच झाले. “अहो, दोन दिवसांत तालीम होत नाही, जत्रा होते,” ते म्हणाले. सभेत कोणी हसले नाही, कारण गेल्या वर्षीची आठवण सर्वांच्या मनात ताजी होती. एका धर्मशाळेच्या फरशीवर सतरंज्या अंथरून आम्ही असाच वर्ग भरविला होता, आणि पहिल्याच दिवशी दुपारी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या गळ्याखालचे हाड मोडले. त्या मुलाची आई या सभेस उपस्थित होती. तेव्हा वस्तादांच्या आक्षेपास उत्तर द्यावयाचे तर नुसत्या उत्साहाने भागणार नव्हते. पाटीवरचा तो शब्द, कोठारात पसरावयाच्या चटया आणि आठवड्याअखेरची दोन दिवसांची सुटी या तीन गोष्टी एकत्र आल्या तरी कशा, याचा शोध आम्ही घेऊ लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम चटईविषयी. १८८२ साली तोक्यो शहरातील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात कानो जिगोरो या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या ज्युदोचे पहिले शिक्षणस्थान, म्हणजेच कोदोकान, उघडले. जागा होती बारा तातामींची. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची घट्ट, जाड चटई. सुमारे तीन फूट रुंद व सहा फूट लांब. बारांचा हिशेब केला तर क्षेत्र सव्वादोनशे चौरस फुटांहूनही कमी भरते. सरकारी वसाहतीतील आमच्या बैठकीच्या खोलीहून ते फार मोठे नाही! पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ. परंतु या नऊ जणांच्या आपटण्याने मंदिराची जमीन दबू लागली, छपराची कौले हलू लागली, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या कोनाड्यांतून खाली पडू लागल्या, आणि पुजारी त्रासून गेला. तेव्हा रात्री कंदील घेऊन जमिनीखाली शिरावे आणि मोडलेल्या फळ्या स्वतः दुरुस्त कराव्या, असा उद्योग कानो करीत असे. काही शिष्य त्याच्याजवळच राहत. त्यांचे जेवणखाण त्याच्याकडे, सरावाचे अंगरखे त्याने पुरविलेले, आणि ते धुण्याची व्यवस्थाही त्याचीच. एवढ्या मोठ्या विद्येचा आरंभ असा जेवणाच्या, धुण्याच्या आणि सुतारकामाच्या चिंतेत झाला, ही गोष्ट शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्यास मोठा धीर देणारी आहे.

एकत्र राहून केलेल्या सरावास जपानी भाषेत ‘गाश्शुकु’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ एकत्र मुक्काम एवढाच. हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात उजाडण्यापूर्वी करावयाचा जो विशेष सराव, त्यास ‘कानगेइको’ असे नाव आहे. कोदोकानमध्ये तो पूर्वी तीस दिवस चाले. आता दहा दिवसांवर आला आहे. तिसाचे दहा झालेले पाहून वस्तादांसारखा कोणी जपानी वृद्धही हळहळला असेलच.

आता रँचकडे वळू. ही कथा अमेरिकेतील डाकोटा प्रांताची आहे. १८७९ च्या सुमारास पिट्सबर्गच्या ईटन घराण्यातील हॉवर्ड हा भाऊ तेथील ओसाड, दऱ्याखोऱ्यांच्या मुलखात आला, मागोमाग त्याचे दोन भाऊ आले, आणि मेडोरा गावाजवळ त्यांनी गुरांचे व घोड्यांचे मोठे आवार थाटले. अशा आवारास तिकडे रँच म्हणतात. पूर्वेकडील शहरांतून त्यांचे मित्र शिकारीस व हवापालटास येऊ लागले, आणि आले की महिनोन् महिने हलेनात. पाहुणचाराने यजमान पार बुडावयाची वेळ आली, तेव्हा १८८२ च्या सुमारास एका पाहुण्याने आपण होऊन राहण्याजेवण्याचे पैसे देऊ केले. अतिथिधर्मास बाध न आणता पदरमोड थांबविण्याची ही युक्ती इतरांसही पटली. पुढे १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात त्या मुलखातील गुरे कळपच्या कळप मेली, आणि नुसत्या गुरांवर विसंबण्यात किती धोका आहे हे अनेकांस कळून चुकले. गुरे थंडीने मरतात, पाहुणे उन्हाळ्यात येऊन पैसे देऊन जातात! शहरी नखऱ्याच्या माणसास तिकडचे गुराखी थट्टेने ‘ड्यूड’ म्हणत, म्हणून या नव्या धंद्यास ‘ड्यूड रँच’ असे नाव पडले. ‘गेस्ट रँच’ हे त्याचेच सभ्य रूप होय.

याच मेडोरा गावी १८८३ मध्ये न्यूयॉर्कचा एक तरुण गव्याच्या शिकारीस आला. त्याने तेथे गुरांच्या धंद्यात पैसे गुंतविले. पुढील वर्षी फेब्रुवारीत एकाच दिवशी आई व पत्नी दोघींचा मृत्यू पाहिला, आणि दुःख घेऊन तो पुन्हा त्याच कुरणांत परतला. हा तरुण म्हणजे थिओडोर रूझवेल्ट. ईटन बंधूंशी त्याचा स्नेह जडला. हिवाळ्यातील गुरांच्या संहारात त्याचीही मोठी हानी झाली. परंतु त्या मुलखाने आपल्यास घडविले असे तो पुढे नेहमी सांगे.

हाच मनुष्य १९०४ साली, राष्ट्राध्यक्ष असताना, व्हाइट हाउसमध्ये चटया अंथरून ज्युदो शिकू लागला. शिकविणारा यामाशिता योशित्सुगु हा कानोच्या आरंभीच्या शिष्यांपैकी एक. सॅम्युअल हिल नावाच्या रेल्वेच्या धनिकाच्या निमंत्रणावरून तो आदल्या वर्षी सपत्नीक अमेरिकेस आला होता. एप्रिल १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्षाने आपल्या मुलास पत्र लिहिले, त्यात घोटा, मनगट, हाताचा व पायांचे अंगठे सुजल्याची, अंग काळेनिळे झाल्याची आणि तरीही तीन नवे डाव शिकल्याची हकीगत आनंदाने कळविली आहे. यामाशिताची पत्नी फुदे हीदेखील ज्युदो जाणत होती; तिने वॉशिंग्टनच्या प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांना शिकविले. (आमच्या यादीतील मुलींच्या नावांवर ज्यांनी भुवया उंचावल्या, त्या सभासदांच्या हे विशेष लक्षात यावे.) योगायोग असा की, याच १९०४ साली ईटन बंधूंनी डाकोटा सोडून वायोमिंग प्रांतात, शेरिडन गावाजवळ, आपली नवी रँच वसविली. रँच आणि चटई एका मनुष्याच्या आयुष्यात आल्या खऱ्या, परंतु एका छपराखाली आल्या नाहीत.

पुढे काय झाले? रूझवेल्टच्या आग्रहामुळे १९०५ मध्ये ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयात यामाशिताची नेमणूक झाली. १९०६ मध्ये ती संपली आणि तो स्वदेशी परतला. शिक्षक उत्तम होता, शिष्य धडधाकट होते, चटयांस पैसा कमी नव्हता. तरीही राष्ट्राध्यक्षाची मर्जी एवढाच त्या वर्गाचा पाया होता.

आपल्या देशातही हेच घडले आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात जपानी शिक्षक प्रथम १९०५ मध्ये आणविला. पुढे १९२९ मध्ये ताकागाकी शिंझो हा कोदोकानचा निष्णात शिक्षक तेथे आला. त्याने मुलांस शिकविले तसे मुलींसही शिकविले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या रंगमंचावर शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी ज्युदोचे प्रयोग करून दाखविले. बंगालमधील त्या काळी मुलींनी सर्वांदेखत एकमेकींस चीत करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु शिक्षकाच्या वेतनाचा भार संस्थेस पेलेना आणि बाहेरून पुरेसे साह्य मिळेना; ताकागाकी गेला, आणि ते काम तेथेच थांबले. कवीची दृष्टी शंभर वर्षे पुढची असेल, परंतु दरमहाच्या खर्चास दृष्टी पुरत नाही. हे आम्ही कविवर्यांविषयी पूर्ण आदर बाळगून लिहीत आहोत; आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसतो म्हणून एवढेच दिसते.

मग अमेरिकेत ही विद्या रुजली ती कोणामुळे? मोठ्यांच्या आश्रयाने नव्हे. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर शेतमजूर, माळी, दुकानदार म्हणून गेलेल्या जपानी लोकांनी वर्गणी काढून आपले आखाडे उभारले. १९४२ मध्ये युद्धाच्या भयाने सरकारने या लोकांस घरांतून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत नेले. सुमारे १ लाख २० हजार माणसे. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. कॅलिफोर्नियातील मांझानार येथे, जुन्या सफरचंदांच्या बागांच्या ओसाड जागी वसविलेल्या छावणीत सुमारे दहा हजार लोक राहत. त्यांनी तेथेही ज्युदोचा आखाडा बांधला. ज्यांस कोठे जाण्याची मुभा नव्हती त्यांनी एकत्र मुक्कामाचा हा विलक्षण अर्थ लावला. युद्धानंतर ही माणसे देशभर विखुरली आणि विद्या त्यांच्याबरोबर गेली. १९५३ मध्ये सॅन होझे येथे ज्युदोच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. त्याच वर्षी अमेरिकन हवाई दलाच्या निमंत्रणावरून जपानी शिक्षकांचा एक संघ त्या दलाच्या तळांवर फिरला. त्यात ज्युदोप्रमाणेच कराटे व आयकिदो यांचेही जाणकार होते.

राहिली तिसरी गोष्ट, ती सुटी. १९२६ साली हेन्री फोर्ड याने आपल्या कारखान्यांत आठवड्यास पाच दिवस काम सुरू केले. आणि त्याच १९२६ साली माँटाना प्रांतातील बिलिंग्ज येथे रँचमालकांची संघटना स्थापन झाली. रेल्वे कंपनीने तीत पुढाकार घेतला, कारण पाहुणा आला तर तिकीट खपणार! त्या काळचा पाहुणा श्रीमंत, आगगाडीने येणारा, आठवडेच्या आठवडे राहणारा. १९३८ च्या कायद्यान्वये चाळीस तासांच्या आठवड्याची सोय झाली आणि १९४० पासून ती पुरती अमलात आली; मग हाती मोटार असलेला नोकरदार शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत येऊ लागला. अशा मनुष्यास सवारी हवी, चांदणे हवे, तसेच दहावीस सोबत्यांसह सराव करावयासही मोकळी जागा हवी. ज्या कुरणात धनिक पाहुणे महिनाभर राहत, तेथे वर्गणीदारांचे दोन दिवसांचे वर्ग भरू शकतील ही शक्यता अशी हळूहळू निर्माण झाली. आमच्या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला. तो नसता तर शनिवारचा वर्ग हा शब्दच आम्हांस उच्चारता आला नसता.

ही सर्व हकीगत आम्ही दुसऱ्या सभेत सांगितली. वस्तादांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारले, “त्या मुलाचं हाड का मोडलं, ते सांगा.” प्रश्न रास्त होता. फरशी होती, चटई नव्हती, हे एक कारण. परंतु खरे कारण असे की, आम्ही त्यास पहिल्याच तासाला डाव शिकविला आणि पडावे कसे हे शिकविले नाही. ज्युदोत पडण्याच्या विद्येस ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यावी, तळहात व बाहू चटईवर सपाट आपटून आघात पसरवावा, हात टेकून शरीराचा भार एका हाडावर येऊ देऊ नये. तालमीतही तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मिसळून ती मऊ करतात ती याचसाठी. आणि नव्या पोराला वस्ताद लागलीच जोडीला उभे करीत नाही, आधी माती उकरावयास लावतो. दोन दिवसांत डाव येत नाहीत, हे वस्तादांचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु दोन दिवसांत पडणे येऊ शकते, आणि घरी गेल्यावर वर्षभर त्याचा सराव करता येतो. असे ठरल्यावर त्या मुलाच्या आईने मुलाचे नाव पुन्हा घालण्यास संमती दिली. तिची अट एकच होती : पहिल्या दिवशी कोणी कोणास उचलावयाचे नाही.

तेव्हा आता व्यवस्था अशी आहे. कोठार वीस फूट रुंद व तीस फूट लांब आहे. एक मीटर रुंद व दोन मीटर लांब अशा चोवीस चटया त्यात सहा मीटर गुणिले आठ मीटर अशा नीट बसतात. पडण्याच्या सरावास प्रत्येकी दोन चटया धरल्या तर एका वेळी बारा जण. नावे छत्तीस आली आहेत, त्यांत अकरा मुली व स्त्रिया आहेत. म्हणून तीन तुकड्या. एक तुकडी चटईवर असताना दुसरीने घोड्यांच्या पागेकडे फिरून यावे, तिसरीने स्वयंपाकास हात लावावा. चटया भाड्याने मिळाल्या असून त्या शुक्रवारी कचेरी सुटल्यावर टेंपोत भरावयाच्या आहेत. वर्गणी सर्वांस सारखीच ठेविली आहे. कोणा एकाने मोठी देणगी देऊ केली होती, ती आभारपूर्वक परत केली.

यादी सूचनाफलकावर लावली त्या संध्याकाळी वस्तादांनी शेवटी आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले आणि पुढे कंसात ‘फक्त पाहण्यासाठी’ असे जोडले. त्यांची वर्गणी आम्ही पूर्ण घेतली आहे.