पराभवाचा धनी कोण? इंदूर, १९८९



निवडणुकीत पक्ष हरला म्हणजे दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न जुना आहे. त्याच्या विचारासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. इंदूरची १९८९ सालची लोकसभा निवडणूक पुरेशी आहे. सांवेर रोडवरच्या कारखान्यांत तेव्हा कामाला असलेल्या अनेकांनी तीत मतदान केले असेल.

त्या निवडणुकीत काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी पडले. हे गृहस्थ सामान्य उमेदवार नव्हेत. १९७२ ते १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री, पुढे केंद्रात गृहमंत्री, आणि इंदूरहून १९८० व १९८४ असे लागोपाठ दोनदा निवडून आलेले. त्यांना हरविले चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या सून सुमित्राताई महाजन यांनी, तेही एक लाखाहून अधिक मतांनी. पक्ष कोणताही मानणारा असो, येथल्या मराठी घरांना त्याचे अप्रूप वाटले असल्यास नवल नाही.

सेठी हरले म्हणून दोष सेठींचा, असे म्हणणे सोपे. परंतु १९८४ साली मध्य प्रदेशातील चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसकडे होत्या. १९८९ साली आठ उरल्या आणि भाजपला सत्तावीस मिळाल्या. एवढी पडझड एकेका उमेदवाराच्या उणिवांनी होत नसते. बोफोर्सचा बोभाटा होता, विरोधकांत जागांविषयी समजूत होती, ही कारणे खरीच. मला मात्र भोपाळचा त्या पाच वर्षांतील कारभार अधिक बोलका वाटतो.

मार्च १९८५ मध्ये अर्जुनसिंहांनी विधानसभा जिंकून मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांची पंजाबच्या राज्यपालपदी रवानगी झाली! जागी मोतीलाल व्होरा आले. फेब्रुवारी १९८८ मध्ये पुन्हा अर्जुनसिंह. चुरहट लॉटरी प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जानेवारी १९८९ मध्ये ते गेले आणि पुन्हा व्होरा. न्यायालयामुळे घडलेला तो राजीनामा वगळला, तर बाकी सारे दिल्लीत ठरले. मतदाराला त्यात कोणी विचारले नव्हते.

लोकसभा हातची गेल्यावर डिसेंबर १९८९ मध्ये व्होरांना जावे लागले व श्यामाचरण शुक्ल आले. जबाबदारी निश्चित झाली, असे वरवर दिसले. पुढे तीन महिन्यांच्या आतच विधानसभेची निवडणूक होऊन ३२० पैकी भाजपने २२० जागा जिंकल्या, काँग्रेसला ५६. याचे उत्तर शुक्लांनी द्यावे म्हणावे, तर त्यांना कारभार करायला वेळ कोठे मिळाला होता? राजीव गांधींनी पंतप्रधानपद सोडले, पण बहुमतच गेले असल्याने ते सोडणे प्राप्तच होते. पक्षाध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. वस्तुतः ज्या हातांनी मुख्यमंत्री नेमले आणि बदलले, त्या हातांकडे हिशेब मागितला जायला हवा होता.

याउलट २०१८ सालचे उदाहरण घ्या. भाजपची मते काँग्रेसपेक्षा किंचित अधिक, जागा मात्र १०९ विरुद्ध ११४. तेव्हा शिवराजसिंह चौहानांनी पराभवाची जबाबदारी आपली म्हणून राजीनामा दिला. सलग तेरा वर्षे राज्य केलेल्या माणसाच्या तोंडी ते शब्द शोभले. व्होरांना १९८९ साली तसे म्हणता आले असते काय?

असो. अर्जुनसिंह १९९१ साली केंद्रात मंत्री झाले. व्होरा १९९३ साली उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. सेठी मात्र पुन्हा लोकसभेत गेले नाहीत.