सोशिक पडदा, हट्टी पडदा : ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांच्या जुळणीचा इतिहास

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या मुख्य पाटीवर पडद्यासाठी संदेश तयार करणारी कोणतीही सोय नव्हती. त्यासाठी ग्राहकाला दोन कार्डांपैकी एक वेगळे विकत घ्यावे लागे. एक कार्ड एकरंगी असून केवळ मजकूर दाखवी, मात्र त्याची अक्षरे ठसठशीत असत. दुसरे रंगीत असून ३२०×२०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी चार रंग देई, पण त्यावरचा मजकूर वाचताना डोळे शिणत. दोन्ही कार्डांची नऊ पिनांची खोबण दिसायला सारखीच होती. पडद्यावर आडव्या रेषा आखण्याचा त्यांचा वेग मात्र वेगळा, म्हणजे एकाचा सेकंदाला सुमारे १८ हजार रेषा आणि दुसऱ्याचा सुमारे १५,७०० रेषा असा होता, त्यामुळे एकरंगी मॉनिटर रंगीत कार्डाला जोडल्यास तो निकामी होण्याचा धोका असे. कार्ड आणि मॉनिटर यांची जुळणी हा त्या काळी आवडीनिवडीचा किंवा काटकसरीचा नव्हे, तर यंत्र शाबूत ठेवण्याचा प्रश्न होता.

कमी पैशांत ही जुळणी साधण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८२च्या हर्क्युलिस कार्डाने केला. स्वस्त एकरंगी मॉनिटर तसाच ठेवून त्यावर ७२०×३४८ बिंदूंची चित्रे काढण्याची सोय या कार्डाने दिली. त्याचा निर्माता व्हॅन सुवन्नुकुल याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा, ही त्यामागची मूळ गरज असल्याचे सांगितले जाते. रोमन लिपीसाठी घडलेल्या पडद्यावर दुसरी लिपी उमटवायची तर चित्र काढणारे कार्डच हवे, ही अडचण भारतीय भाषांनाही होती. आयआयटी कानपूर येथील संशोधनातून आकाराला आलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसारित केलेले जिस्ट कार्ड हे तिचेच एक उत्तर होते. खेळाडूंची गरज अर्थातच निराळी होती. रंगीत कार्डासाठी लिहिलेले खेळ हर्क्युलिसवर चालावेत म्हणून रंगीत कार्डाची नक्कल करणारे छोटे प्रोग्राम वापरले जात आणि रंगांच्या जागी ठिपक्यांच्या छटांवर समाधान मानले जाई.

१९८७मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीने पंधरा पिनांची जोडणी रूढ केली, तर निरनिराळ्या वेगांचे संदेश ओळखून स्वतःला जुळवून घेणारे ‘मल्टिसिंक’ जातीचे मॉनिटर त्याच दशकात बाजारात आले. यापुढची सुमारे पंधरा वर्षे हा कमी पैशांत खेळणाऱ्याचा सर्वांत सुखाचा काळ म्हणावा लागेल, आणि त्याचे श्रेय कार्डांना जितके दिले जाते तितके काचेच्या नळीला दिले जात नाही. नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडदा रंगवतो आणि चित्रबिंदूंची संख्या ठरलेली नसते, त्यामुळे ६४०×४८०, ८००×६०० किंवा १०२४×७६८ यांपैकी कोणतेही चित्र त्यावर स्वाभाविक दिसते. १९९६च्या अखेरीस आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डावर ४ मेगाबाइट स्मृती होती. तिचा अर्धा भाग चित्रासाठी असल्याने त्रिमितीय खेळ साधारणतः ६४०×४८० या मापातच चालत. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रे काढी, म्हणून जुन्या कार्डाचा संदेश एका आखूड केबलने त्यातून पुढे मॉनिटरकडे न्यावा लागे. जुने कार्डही राही आणि जुना मॉनिटरही. खेळ अडखळू लागला तर चित्राचे माप एक पायरी खाली आणले की भागे, आणि पडदा त्याबद्दल तक्रार करीत नसे.

द्रवस्फटिकी म्हणजे एलसीडी पडद्याने हा सोशिकपणा संपवला. त्यात प्रत्येक चित्रबिंदू जागेवर पक्का असतो. १९२०×१०८० बिंदूंच्या पडद्यावर त्याहून लहान मापाचे चित्र ताणून दाखवावे लागते आणि ते पुसट दिसते, म्हणून पडदा निवडला की कार्डावर पडणारा भारही ठरून जातो. १३६६×७६८ बिंदूंच्या पडद्यासाठी प्रत्येक चित्रात सुमारे साडेदहा लाख बिंदू रंगवावे लागतात, १९२०×१०८०साठी सुमारे २०.७ लाख, २५६०×१४४०साठी ३६.९ लाख आणि ३८४०×२१६०साठी ८२.९ लाख. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन संगणक ‘असेंबल’ करून घेणाऱ्याला मोठ्या पडद्याचा मोह पडला तर त्याची खरी किंमत मॉनिटरच्या बिलात नव्हे, तर कार्डाच्या बिलात दिसते.

बिंदूंच्या संख्येइतकाच वेळेचा हिशेबही आडवा आला. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होत असेल आणि कार्ड पंचेचाळीसच चित्रे देत असेल, तर एका चित्राचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा भाग एकत्र दिसून चित्र फाटल्यासारखे वाटते. ते टाळण्यासाठी दोघांचा ताल सक्तीने जुळवला, तर साध्या पद्धतीत प्रत्येक चित्राला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागून वेग तिसावर घसरतो. महाग कार्डाला हा त्रास क्वचितच होई. भुर्दंड पडे तो मध्यम कार्डावर. २०१३मध्ये ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या जी-सिंक तंत्रात पडदाच कार्डाची वाट पाहू लागला, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये खास भाग बसवावा लागत असल्याने, ज्याला गरज सर्वांत जास्त त्यालाच ते परवडत नव्हते. व्हेसा या मानक संस्थेने २०१४मध्ये हीच सोय डिस्प्लेपोर्ट जोडणीच्या मानकात ऐच्छिक म्हणून घातली आणि एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने फ्रीसिंक या नावाने ती स्वस्त मॉनिटरांपर्यंत नेली. नळीचा हरवलेला सोशिकपणा काही अंशी परत आला तो येथे. परंतु कार्ड एका कंपनीचे आणि पडदा दुसऱ्या गोटातला, अशी नवी बेबनावाची रेषा त्यातून उभी राहिली. त्यातच एनव्हिडियाच्या २०१६च्या जीटीएक्स १० मालिकेने व्हीजीएसाठी लागणारा ॲनालॉग संदेश बंद केला, त्यामुळे केवळ व्हीजीए खोबण असलेला जुना मॉनिटर चालवण्यासाठी वेगळा कन्व्हर्टर घेणे भाग पडले.

जानेवारी २०१९मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. भारतात ३२ इंचांपर्यंतच्या मोठ्या मॉनिटरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि एनव्हिडियाने प्रतिस्पर्ध्याच्या गोटातील मॉनिटरही आपल्या कार्डांना जुळवून घेण्याचे मान्य केले. त्या वेळी कंपनीने तपासलेल्या ४०० मॉनिटरांपैकी १२ उत्तीर्ण ठरले. उरलेल्यांवर ही सोय वापरणाऱ्याने स्वतः सुरू करून पाहायची होती.