मुरगाव बंदरातील अदलाबदल : ऑक्टोबर १९४३

दुसरे महायुद्ध आणि मुरगाव बंदर असा उल्लेख झाला की गोमंतकीय वाचकाला हटकून ‘एहरेनफेल्स’ आठवते. ९ मार्च १९४३ रोजी कलकत्ता लाइट हॉर्सच्या प्रौढ स्वयंसैनिकांनी या जर्मन जहाजावर चढाई केली. त्या रात्री ‘एहरेनफेल्स’सह ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज त्यांच्याच खलाशांनी बुडवले. या प्रकरणावर पुस्तक निघाले, चित्रपटही आला. त्यानंतर सात महिन्यांनी याच बंदरात एकही गोळी न झाडता सुमारे तीन हजार नागरिकांची अदलाबदल झाली; तिची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली आणि दोन्ही बाजूंचे हजारो नागरिक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे ठरले. चीन, हाँगकाँग, फिलिपिन्स व खुद्द जपानमधील अमेरिकन मिशनरी, शिक्षक, डॉक्टर आणि व्यापारी जपान्यांच्या हाती सापडले, तर अमेरिका खंडातील जपानी छावण्यांत गेले. दोन्ही सरकारांमधील थेट संबंध तुटले होते. त्यामुळे जपानमध्ये अमेरिकेचे हितसंबंध स्वित्झर्लंड पाहत असे आणि अमेरिकेत जपानचे स्पेन. दोन तटस्थ देशांच्या वकिलातींमार्फत खलिते जात-येत असल्याने साध्या प्रश्नाच्या उत्तरालाही आठवडे लागत.

पहिली अदलाबदल जुलै १९४२मध्ये पोर्तुगीज आफ्रिकेतील लोरेन्सो मार्किश, म्हणजे आजच्या मापुतो येथे झाली. तीत राजनैतिक अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. दुसरीला आणखी सव्वा वर्ष लागले आणि त्याचे मुख्य कारण होते याद्या. जपानला विशिष्ट नावांची माणसे हवी होती. त्यांतल्या काहींना सोडण्यास अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणांचा विरोध होता, तर यादीत नाव असूनही अनेक जपान्यांनी जाण्यास नकार दिला. हिशेब ढोबळमानाने माणसागणिक माणूस असा असल्यामुळे एका बाजूचे नाव गळाले की दुसऱ्या बाजूचीही एक जागा धोक्यात येई. ज्यांची नावे राहिली, त्यांतील बहुतेकांना छावण्यांतून सुटण्यासाठी १९४५ साल उजाडावे लागले.

जागा म्हणून मुरगाव सोयीचे होते. पोर्तुगाल तटस्थ होते, मोठी जहाजे धक्क्याला लागू शकत होती आणि जपानहून येणाऱ्या जहाजाला आफ्रिकेपेक्षा हे अंतर कमी पडत होते. परंतु ही तटस्थता दिसते तितकी सरळ नव्हती. पोर्तुगालच्याच ताब्यातील तिमोर जपानने फेब्रुवारी १९४२मध्ये व्यापले होते आणि तरीही तोच जपान गोव्यातील पोर्तुगीज बंदरावर विसंबत होता. उलट बाजूला, अझोर्स बेटांवरील तळ वापरण्याची मुभा सालाझार यांनी ब्रिटनला दिल्याचे १२ ऑक्टोबर १९४३ रोजी जाहीर झाले, तेव्हा दोन्ही जहाजे मुरगावच्या वाटेवर होती. गव्हर्नर जनरल जुझे रिकार्दु परेरा काब्राल यांच्या प्रशासनाला, मार्चमधील नामुष्की ताजी असताना, दोन शत्रूंना एकाच बंदरात जागा द्यायची होती.

‘ग्रिप्सहोल्म’ हे स्वीडिश प्रवासी जहाज अमेरिकी परराष्ट्र खात्याने भाड्याने घेतले होते. पाणबुड्यांनी ओळखावे म्हणून त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘डिप्लोमॅट’ असे रंगवले होते आणि रात्रीही ते दिव्यांनी उजळून प्रवास करी. ज्या समुद्रात बाकी सारी जहाजे दिवे मालवून चालत होती, तेथे उजेड हेच त्याचे चिलखत होते. २ सप्टेंबरला ते न्यूयॉर्कहून निघाले आणि रिओ, माँटेव्हिडिओ व पोर्ट एलिझाबेथमार्गे मुरगावला आले. जपानचे ‘तेइया मारू’ हे मूळचे ‘आरामिस’ नावाचे फ्रेंच जहाज. १४ सप्टेंबरला योकोहामा सोडून ते शांघाय, हाँगकाँग, फिलिपिन्समधील सान फर्नांडो, सायगाव व सिंगापूर येथील माणसे घेत आले. त्यात सुमारे पंधराशे प्रवासी दाटीवाटीने होते. अमेरिकनांबरोबर कॅनडाचे आणि लॅटिन अमेरिकी देशांचे नागरिकही त्यांत होते.

दोन्ही जहाजे १५ व १६ ऑक्टोबरला पोहोचली. प्रत्यक्ष अदलाबदल १९ तारखेला झाली. एका जहाजाचे प्रवासी उतरून दुसऱ्यावर चढले. आठवडेच्या आठवडे अपुऱ्या अन्नावर काढलेल्या माणसांपुढे ‘ग्रिप्सहोल्म’वर मांडलेले जेवण हा परतलेल्यांच्या आठवणींतील जवळजवळ ठरलेला प्रसंग आहे.

या प्रवाशांत अमेरिकन लेखिका एमिली हान आपल्या दोन वर्षांच्या मुलीसह होत्या. मुलीचे वडील मेजर चार्ल्स बॉक्सर हे ब्रिटिश अधिकारी हाँगकाँगमध्ये जपान्यांचे युद्धकैदी होते. ब्रिटिश असल्याने आणि कैदी सैनिक असल्याने या सौद्यात त्यांना स्थान नव्हते. ते १९४५मध्ये सुटले, दोघांचा विवाह झाला आणि बॉक्सर पुढे पोर्तुगीज साम्राज्याचे अग्रगण्य इतिहासकार ठरले. गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे नाव वेगळे सांगायला नको.

माणसांबरोबर सामानही बदलले. ‘ग्रिप्सहोल्म’ने आणलेली औषधे व अन्नाची रेडक्रॉस पार्सले ‘तेइया मारू’वर चढवण्यात आली आणि त्यांतील काही फिलिपिन्समधील कैद्यांपर्यंत पोहोचली. ‘ग्रिप्सहोल्म’ १ डिसेंबर १९४३ला न्यूयॉर्कला लागले. ‘तेइया मारू’ ऑगस्ट १९४४मध्ये अमेरिकी पाणबुडी ‘रॅशर’ने बुडवले, तेव्हा ते सैन्य वाहत होते आणि त्याला कोणतेही अभय नव्हते. अभय असलेली जहाजेही नेहमी वाचत नसत. मदतसामग्री पोहोचवून परतणारे ‘आवा मारू’ १ एप्रिल १९४५ रोजी ‘क्वीनफिश’ या पाणबुडीने हमी असतानाही बुडवले आणि दोन हजारांहून अधिक माणसे मेली. अमेरिका व जपान यांच्यात तिसरी अदलाबदल झालीच नाही.

स्वतंत्र भारतानेही युद्धक्षेत्रातून आपले नागरिक समुद्रमार्गे आणले आहेत. १९९०मध्ये कुवेतमधील भारतीयांची सुटका बव्हंशी अम्मानमार्गे विमानांनी झाली, कारण शेजारचा जॉर्डन खुला होता. विमानतळ बंद पडले की मात्र जहाज आणि जवळचे निर्धोक बंदर या दोन्ही गोष्टी लागतात. २००६च्या ‘ऑपरेशन सुकून’मध्ये ‘आयएनएस मुंबई’सह चार युद्धनौकांनी बैरूटहून सुमारे २,२८० माणसे सायप्रसमधील लार्नाका येथे पोहोचवली, त्यांत नेपाळ व श्रीलंकेचे नागरिकही होते. २०११मध्ये लिबियातील बेंगाझीहून भाड्याच्या ‘स्कॉशिया प्रिन्स’ने भारतीयांना अलेक्झांड्रियाला नेले.

२०१५च्या ‘ऑपरेशन राहत’मध्ये येमेनमधून ४,६४०हून अधिक भारतीय व ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर काढण्यात आले. एडनमध्ये लढाई चालू असताना ‘आयएनएस सुमित्रा’ने ३१ मार्चला पहिल्या ३४९ जणांना घेतले आणि समोरच्या जिबूतीत उतरवले, तेथून त्यांना विमानाने मायदेशी आणण्यात आले. २०२३मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा हेच काम सौदीतील जेद्दा बंदराने केले. ‘ऑपरेशन कावेरी’तील २७८ जणांची पहिली तुकडी ‘आयएनएस सुमेधा’ने पोर्ट सुदानहून तेथेच नेली.