दराच्या भिंतीवरचे चार शब्द

सीरियातील यादवीचा इतिहास अनेकजण एका वाक्यात उरकतात: शाळकरी मुलांनी भिंतीवर घोषणा लिहिली आणि देश पेटला. मला ही मांडणी खटकते. तिच्यामुळे सगळा दोष नकळत त्या मुलांच्या माथी येतो.

दरा हे दक्षिण सीरियातील, जॉर्डनच्या सीमेजवळचे शहर. १४ जानेवारी २०११ रोजी ट्युनिशियाचे बेन अली देश सोडून पळाले. ११ फेब्रुवारीला इजिप्तचे होस्नी मुबारक पायउतार झाले. त्याच सुमारास दरातील काही मुलांनी शाळेच्या भिंतीवर अरबीत चार शब्द लिहिले. अर्थ असा, ‘आता तुझी पाळी, डॉक्टर.’ राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद हे नेत्रतज्ज्ञ. त्यामुळे नाव न घेताही रोख कुणावर आहे, हे सगळ्यांना कळले.

मुलांनी भिंतच का निवडली? सीरियात १९६३ पासून आणीबाणीचा कायदा लागू होता. वृत्तपत्रे सरकारच्या मुठीत होती. विरोधी पक्ष, मोर्चा, सभा यांना जागाच नव्हती. १९८२ मध्ये बशर यांचे वडील हाफिज अल-असद यांच्या फौजांनी हमा शहरात हजारो माणसे मारली होती. ती दहशत घराघरांत मुरली होती. अशा समाजात भिंत हेच सामान्य माणसाचे वृत्तपत्र होते. तिला परवाना लागत नव्हता आणि संपादकही लागत नव्हता.

सरकारला त्या शब्दांवर चुना फासून गप्प बसता आले असते. त्याऐवजी मुलांना पकडून नेले आणि कोठडीत त्यांचा छळ केला. आईबापांच्या विनवण्या कुणी ऐकल्या नाहीत. १८ मार्चला, जुम्म्याच्या दिवशी, लोक रस्त्यावर उतरले. ओमरी मशीद या निदर्शनांचे केंद्र बनली. सुरक्षा दलांनी गोळीबार केला, माणसे मेली. पुढे मुले सुटली, पण तोवर संताप देशभर पसरू लागला होता.

त्यानंतरच्या युद्धात लाखो लोक मारले गेले. निम्म्याहून अधिक जनता घरादाराला मुकली. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद देश सोडून पळाले.

म्हणून मला वाटते, इतिहास लिहिताना क्रम नीट लावला पाहिजे. मुलांनी फक्त रंग वापरला होता. पहिली गोळी सरकारने झाडली. भिंतीवरचे लिखाण बेकायदा ठरवता येते, पण ते का लिहिले गेले, हे विचारायची जबाबदारी सत्तेला टाळता येत नाही.